आल्याविना चहा

जुन्नर, मंगळवार, संध्याकाळ

आजच्या चहात आलं नव्हतं. गृहस्थाश्रमावरचा हा घोर अन्याय मी हिच्यापुढे यथाविधी मांडला. ही म्हणाली, "आलं तुम्हीच आणणार होतात. दोनदा सांगितलं होतं." पिशवीत बाकी सगळं होतं. आलंच नव्हतं.

एरवी हसलो असतो. पण दुपारी पिंपळवंडीला वडलांकडे गेलो होतो. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा पावणं. कंच्या गावचं तुमी?"

"हितलाच की, दादा."

"मंग लई बरं झालं," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं मला पाणी दिलं. पाहुणचारात कसूर नाही! आजोबांचंही शेवटी असंच झालं होतं.

लेक फोनवर म्हणते, "बाबा, रक्ताची तपासणी करून घ्या. विसरण्याचा हा आजार घराण्यातून आपल्यात आलाय का, तो धोका कळतो; होईलच असं नसतं." वेळ नाही म्हणालो. खोटं. वेळ आहे. आलं तर कोणीही विसरतं, हेही ठाऊक आहे. मग?

माझ्या विसरण्याचं तेवढं भय नाही. माझ्या रक्तात ते निघालं, तर लेकीच्याही रक्तात असू शकेल. तेच मला कळायला नको आहे.