मधमाशीच्या पोटातलं लोखंड

बाबा, मधमाशीच्या पोटात लोखंडाचे कण असतात. डोळ्यांना न दिसणारे, पण होकायंत्राच्या सुईसारखे. वाणगावहून आणलेल्या पुस्तकात हे वाचत बसले आणि चुलीवरचा भात करपला. घर सोडून निघालेला थवा नव्या अंधाऱ्या जागेतही पोळी बांधतो ती जुन्या घरातल्याच दिशेला धरून. त्यांना कोणी शिकवत नाही.

मला आशागडची वाडी आठवते. चिकूच्या फांदीला लटकलेला सातेरी माश्यांचा थवा तुम्ही धरून आणलाय, आणि माश्यांनी पोळी बांधावी म्हणून पेटीत रिकाम्या चौकटी लावायचं काम माझं आहे. काही दिवसांनी तुम्ही झाकण उघडता तर सगळी पोळी चौकटींना आडवी बांधलेली. एक चौकट उचलायला गेलात तर पोळी फाटून मध गळायला लागला. "कोणी लावल्या चौकटी? हिने! अगं, सासरी चूल तरी सरळ मांडशील का?" गडी हसले, धाकटा भाऊ हसला, तुम्हीही हसलात. त्यानंतर मला पेटीला हात लावू दिला नाहीत. कोसबाडला मधमाशीपालन शिकायला धाकटा गेला, माशी दिसली की गोधडीत शिरणारा. त्याने पुढे पेट्या विकूनही टाकल्या.

हे गेले तेव्हा मुलगी कडेवर होती. मला मनापासून आवडणारं एकच काम होतं, ते तुम्ही आधीच काढून घेतलं होतं. मग परक्यांच्या वाड्यांत चिकू निवडून खोक्यांत भरत मी तिला वाढवलं. झाडांवर माश्या गुणगुणायच्या. मी मान वर करत नसे.

परवा धाकटा आला, त्याला ते पान वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ, माश्या त्यांच्या दिशेने गेल्या. माझा हात वाकडा नव्हता."

तो चहा फुंकत म्हणाला, "ताई, बाबांना जाऊन किती वर्षं झाली! आता कोणाला दाखवतेस?"

"तुला. तूपण हसला होतास."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं. नव्हता तुझा हात वाकडा." बाबा, घरातल्या कोणीतरी एकदाचं म्हटलं. तुम्ही म्हणायला हवं होतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून हेही लिहिते. त्याच पानाच्या तळाशी आहे, की त्या कणांचं काम नेमकं कसं चालतं याची अजून कोणाला खात्री नाही, आणि चौकटी तिरक्या लागल्या तरीही पोळी आडवी जातात. तेवढ्या ओळी मी धाकट्याला वाचून दाखवल्या नाहीत.