पट्टीवरची दुसरी रेघ

आई,

भावाने बोटीवरून आणलेल्या त्या तपासणीच्या पट्टीबद्दल आपण तिघांनी गावात कुणाजवळ शब्द काढला नाही. आज लिहायला बसले आहे ते तिच्याबद्दलच. तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे तू असतीस तरी हे तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे कुणाला वाचायला देण्यासारखं नाही.

दोन हजार सहाचा मार्च असेल. रेडीला खाणीचं काम जोरात होतं आणि तिथल्या एका ट्रकवर माझा नवरा ड्रायव्हर होता. सहा महिने ताप, जुलाब, मग गोव्याचं इस्पितळ, आणि तिथून तो परत आला तो शेवटचाच. डॉक्टरांनी काय सांगितलं ते दिराने माझ्या भावाला सांगितलं, मला नाही. मला ते ताटावरून कळलं. सासरी माझं ताट आणि तांब्या वेगळा झाला, जेवण मागच्या पडवीत आलं. तेरावं झालं आणि पाच महिन्यांचं पोर कडेवर घेऊन मी वेंगुर्ल्याला तुझ्या दारात उभी राहिले. तू एवढंच विचारलंस, "जेवलंस गो?"

सरकारी दवाखान्यात त्या दुखण्याची तपासणी होत होती, नाही असं नाही. पण त्या खोलीबाहेरच्या बाकावर जो बसला त्याचं नाव संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचायचं. तू बाजारात माशांची पाटी घेऊन बसणारी. उद्या तुझ्या हातचे बांगडे कोण घेणार, हा प्रश्न तू बोलून दाखवला नाहीस, पण तो घरात होताच. त्यात बोटीवर नोकरीला असलेला भाऊ सुट्टीवर आला. परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरच्या औषधाच्या दुकानातून त्याने तपासणीच्या पट्टीचे दोन डबे घेतले होते. "एक मियां वापरलंय," तो खाली बघत म्हणाला. "एक उरलो आसा. रगताचो एक थेंब घालूचो आणि वीस मिन्टांनी बघूचा. एक रेघ इली तर काय नाय. दोन इल्यो तर आसा."

दुपारची वेळ आहे. तू दाराला आतून कडी घातली आहेस. पाट धुऊन, पुसून, त्यावर ती पांढरी पट्टी ठेवली आहेस आणि समोर हात जोडून बसली आहेस. देवळात कौल लावल्यावर देवाला चिकटवलेली पाकळी उजवी पडते की डावी, हे बघत तू अशीच बसायचीस. भाऊ सुई काढतो. तू मला म्हणतेस, "आधी तुजा बघ. तुझ्यात नाय तर पोरात खंयसून येतला?" आणि मी म्हणते, नको, त्याचं बघ. माझं मेलीचं काय, पोराचं कळायला हवं. हे बोलताना माझा आवाज अगदी एखाद्या आईला शोभेल असा निघाला. भाऊ सुई घेऊन पोराकडे वळला. खरी गोष्ट अशी की मला माझं कळून घ्यायचंच नव्हतं. माझ्या दोन्ही हातांची बोटं मी पदराखाली मुठीत दाबून धरली होती आणि झोपलेल्या पोराची टाच पुढे केली होती.

पहिली रेघ लगेच आली. दुसरीची आपण वाट बघत राहिलो. भाऊ घड्याळाकडे बघत होता, तुझे ओठ हलत होते, पोर टाच दुखली म्हणून हुंदके देत माझ्या अंगावर पीत होतं. मग दुसऱ्या जागी काहीतरी फिकट दिसू लागलं, आणि बघता बघता त्याची लाल रेघ झाली. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. मी नाही, तो. पोराचं तोंड दिसेपर्यंतच ते टिकलं, पण वाटलं खरं.

भाऊ म्हणाला, इस्पितळात एकदा परत बघूया. तू पट्टी उचलून चुलीत घातलीस. "एकदा कौल दिल्यान, परत इचारूचा नाय. बापाचा पोरात उतारला. देवान तुका तरी राखल्यान." माझ्यात नाही तर पोरात कुठून येणार, हा तासाभरापूर्वी मला विचारलेला प्रश्न तू विसरलीस, की मुद्दाम गिळलास, हे मला अजून कळलेलं नाही. मी मात्र तो कौल घट्ट धरून ठेवला. त्याच्यात आहेच, मग दूध कशाला तोडायचं, असं म्हणून पुढे तीन महिने त्याला पाजत राहिले.

पावसाळ्यात माझ्या कमरेला नागीण उठली. तू तांबडी काव उगाळून लावलीस. ती बरी होईना, तेव्हा पोराला डोस द्यायचा आहे असं तुला सांगून मी लांबच्या तालुक्याच्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी दार लोटून घेतलं आणि एकेक विचारत माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. पट्टीचं ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो, एवढ्या लहान बाळाच्या रक्तात आईच्याच रक्तातलं उतरलेलं असतं, पट्टीला तेच दिसतं. ती दुसरी रेघ तुमची होती. त्याला लागण आहे की नाही, ते दीड वर्षाचा झाला की कळेल. अंगावर पाजताय का अजून?" मी हो म्हटलं. दुधातूनही त्याला लागू शकतं, त्या म्हणाल्या. मग माझं रक्त घेतलं, तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच.

घरी येऊन मी पोराचं दूध तोडलं. तुला सांगितलं, आटलं. माझी चोळी भिजलेली तुला दिसत होती. पोर रात्रंदिवस माझ्या पदराला झोंबायचं, मी तोंड फिरवून बसायचे, आणि तू वाटीत पेज घेऊन त्याच्यामागे लागायचीस. "काळीज आसा काय नाय गो तुका? त्येचे दिस किती ते तुका ठावक नाय? आसत तितके दिस तरी पोटभर पिवंदे." मी ऐकून घ्यायचे. त्याच्या वाटीत उरलेली उष्टी पेज तू त्याच चमच्याने खायचीस, माझ्या डोळ्यांसमोर. माझं ताट वेगळं होईल या भीतीने मी गप्प होते म्हणावं, तर तेही कारण तू शिल्लक ठेवलं नव्हतंस.

तू गेलीस तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता. दीड वर्षाचा झाला तेव्हा मी एकटीच त्याला घेऊन त्या बाईंकडे गेले. त्याला काही नव्हतं, आई. ते तीन महिने पाजूनही काही नव्हतं. गेल्या महिन्यात तो कॉलेजात रक्तदान करून आला आणि दंडावरची पट्टी मिरवत घरभर फिरला. माझं दुखणं त्याला ठाऊक आहे, माझ्या गोळ्या तोच आणतो. टाचेचं मात्र मी त्याला सांगितलेलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून राहिलेलंही लिहिते. त्या शेवटच्या सकाळी पाटी डोक्यावर घेता घेता तू पुन्हा म्हणालीस, "अशी कशी गो आवस तू पोराची." माझ्या तोंडाशी आलं होतं, "आई, त्येचा नाय, माजा आसा." तू घाईत होतीस, बंदरावर माशांचा लिलाव सुरू झाला होता. म्हटलं, संध्याकाळी सांगू. अकरा वाजता बाजारातून माणूस आला, तू पाटीशेजारीच आडवी झाली होतीस. तेव्हापासून मी स्वतःला समजावत आले आहे की वेळ मिळाला नाही, संध्याकाळी मी तुला सांगणारच होते.

नव्हते सांगणार.