चिनी काढा आणि तुझं ते वाक्य

आई,

तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, आपले वैद्य काय संपले होते? पण इथे अमेरिकेत, अल्फारेटात आपले वैद्य कुठून आणू? इंडियन ग्रोसरीच्या शेजारच्या गाळ्यात एक चिनी आजीबाई औषधं देत बसतात, त्यांच्याकडे मी दोन महिने जाते आहे. माझे पाळी जाण्याचे दिवस आहेत. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या अंगातून वाफा निघतात, इथे त्याला हॉट फ्लॅश म्हणतात, शर्ट पाठीला चिकटतो आणि समोरची माणसं स्वेटर घालून बसलेली असतात. हॉर्मोनच्या गोळ्या माझ्या डॉक्टरणीनंच दिल्या आणि तिनंच घाईघाईनं बंद केल्या. कुणाचं ऐकावं तेच कळेना, म्हणून तिकडे गेले.

आजीबाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. त्या बोलत होत्या आणि त्यांची सून इंग्रजीत सांगत होती. माझ्या अंगातलं पाणी कमी झालंय, म्हणून आग वर चढते म्हणे. बर्फाचं पाणी एकदम बंद. तू तर उष्णता म्हटलं की सब्जा आणि माठातलं गार पाणी पुढे करायचीस. मी आपली मुकाट्यानं कसल्या कसल्या मुळ्या आणि साली उकळून तो काळा काढा पिते. घाम थोडा कमी झालाय. तो काढ्यामुळे की बाहेर थंडी पडल्यामुळे, ते काही सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी तिथून निघताना सुनेनं विचारलं, तुमच्या आईची पाळी कधी गेली? मला माहीत नव्हतं. उलगडा झाला तो गाडीत बसल्यावर. नागपूरच्या घरात तू महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचीस आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात यायचं. मला ते दिवस फार आवडायचे. लग्न होऊन मी इकडे आले, त्याच्या आदल्या वर्षी ते येईनासे झाले. मला वाटलं, तू मुद्दामच मला ओट्यापाशी फिरकू देत नाहीस. आणि मी निघायच्या आठवड्यात तू माझ्यासाठी मेतकूट भरत होतीस. मी म्हटलं, एवढं नको, सामान जड होतं. तू डबा आपटलास.

"जा एकदाची. सुटेन मी."

ते वाक्य मी पंचवीस वर्षं मनात धरून बसले. त्या रागातच तुला पत्रं कमी लिहिली, आणि तू गेलीस तरी ते काही गेलं नाही. आता या नव्या शोधानं मी हरखले. ती तू नव्हतीसच, ती तुझी उष्णता होती. दोन दिवस मी अगदी हलकी हलकी होते.

मग परवा, संध्याकाळी. मी शेगडीपाशी उभी आहे, काढा उकळतोय. लेक येते, नाक दाबते आणि त्याच दमात सांगते की कॅलिफोर्नियाच्या कॉलेजला तिनं हो कळवून टाकलंय. मला न विचारता. माझ्या तोंडून तेच वाक्य निघतं, शब्दन् शब्द, तुझ्या आवाजात. ती घाबरत नाही. माझ्याकडे नीट बघून विचारते, "मॉम, इज दिस यू, ऑर द हॉट फ्लॅश?"

मी म्हटलं, हॉट फ्लॅश. तिचा जीव भांड्यात पडला. मला मिठी मारून तिनं खिडकी उघडली.

पण आई, माझं कपाळ कोरडं होतं. हात गार पडले होते. मी खरीच चिडले होते, आणि ती जाणार म्हणून मला रडू फुटत होतं. आता तुझं काय समजू? उष्णता म्हणावं, तर ते वाक्य पुसलं जातं आणि मी सुटते. तूच होतीस म्हणावं, तर तुलाही तेव्हा रडू येत असणार, आणि मी मात्र पत्रं लिहायची टाळली. यातलं मला कोणतं हवंय, तेच मला कळत नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुला सांगून झालं, एवढंच. लेकीला मात्र मी अजून खरं सांगितलेलं नाही.