शनिवारात राहणारी माणसं

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६
जुन्या पुणेरी वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती आणि 'हरवले-सापडले' टाइप करून संपल्या. आता प्रज्ञाचा प्रोग्राम त्यातून ठिकाणं शोधून शहराच्या नकाशावर ठिपके टाकणार. ठिपक्यावर टिचकी मारली की जाहिरात उघडेल. पेपरच्या डेस्कवर आयुष्य गेलं, पण कालची रद्दी अशी शहरभर उगवेल असं कधी वाटलं नव्हतं.

प्र. वर्ध्याची. कंपनी सोडून या कामाला आली. हिंजवडीची दुसरी एक कंपनी तिला बोलावते आहे, पुढच्या सोमवारी उत्तर हवं. आमच्या प्रकल्पाला पुढचं वर्ष मिळणार की नाही, ते शुक्रवारच्या बैठकीत. तिला इथंच राहायचं आहे. म्हणत नाही, पण दिसतं.

मंगळवार, ७ नोव्हें.
नकाशा उघडला आणि दोघी बघत राहिलो. नारायण, सदाशिव गजबजलेल्या. मंडईभोवती गर्दी. शनिवार, बुधवार, शुक्रवार ओसाड. प्लेग येऊन गेल्यासारख्या.

कारण दुपारी सापडलं. 'शनिवारात राहणारे' हे वाचून प्रोग्रामला वाटलं, हा वार. त्यानं सगळी माणसं नकाशावरून उचलली आणि तारखांच्या रकान्यात टाकली.

प्र. म्हणाली, "मला काय माहीत ताई, इथं लोक वारात राहतात म्हणून!"
"आम्हाला 'पेठ' म्हणायची गरज पडत नाही."
"तेच नं. तुम्हाला कसलीच गरज पडत नाही."

टाइप केलेली प्रत मीच तपासली होती. वार म्हणजे पेठ, हे कुणाला सांगावं लागेल असं एकदाही मनात आलं नाही.

कोथरूडच्या बसमध्ये तेच डोक्यात. शनिवारात घर, बुधवारात दुकान. सोमवारात कुणी आजारी, म्हणून चालत जाऊन भेटून यायचं आणि दिवे लागायच्या आत परत शनिवारात. मधले दिवस कुठं गेले कुणी विचारत नाही. उतरायचा थांबा मागे गेला.

बुधवार, ८
'शनिवारी' म्हणजे वार, 'शनिवारात' म्हणजे पेठ. जन्मभर बोलले, नियम आज कळला. प्र.नं तो प्रोग्रामला शिकवला. दुपारभर पेठांमध्ये ठिपके उगवत होते. माणसं परत येत होती. आम्ही चहा विसरलो.

काही मात्र दोन्हीकडे बसतात. 'शुक्रवारच्या कीर्तनात चांदीच्या मुठीची छत्री राहिली आहे.' शुक्रवारी झालेलं कीर्तन, की शुक्रवारातलं? खूप वेळ वाद.

शेवटी प्र.: "नाहीच ठरवायचं. नदीत सोडते."
म्हणजे खरंच. न ठरलेले सगळे ठिपके तिनं नदीच्या पात्रावर ठेवले, जरा फिक्या रंगात. फार छान दिसतात.

गुरुवार, ९
प्र.चा आईशी फोन. ऐकायचं नव्हतं, ऐकू आलं. "सोमवारी सांगायचं आहे नं… नाही गं, नकाशा म्हणजे भूगोल नाही… अगं, कम्प्युटरचंच काम आहे!"

फोन ठेवून माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही सांगा नं, काय करू?"
"मी डेस्कवरची बाई. मथळा देईन."
हसली, पण उगाच. मला दुसरं काही बोलता आलं असतं.

शुक्रवार, १०
बैठक. समितीचे दामले सर, स्वतः शनिवारातले. नकाशावर आधी आपली गल्ली शोधली. मग नदीकडे बोट.

"ही मंडळी पोहायला गेलीत का?"
प्र.: "त्यांचा वार की पेठ, ते ठरत नाही सर."
"मग ठरवा. आपल्याला त्यासाठीच बसवलंय ना?"
"ठरवलं तर खोटं होईल."

आता गेलं, असं वाटलं. सरांनी छत्रीची जाहिरात उघडली, वाचली, पुन्हा वाचली. "शुक्रवारात कीर्तन रोजच असायचं," म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच, "म्हणजे, असं ऐकलंय."

निर्णय कळवू म्हणाले. कधी, ते नाही.

जिन्यात प्र.: "मग सोमवारी मी काय सांगू?"

रविवार, १२
दुपारी डोळा लागला. नदीवरून चालत होते, पायाखाली फिके दिवे. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, कुठं राहता? सांगणार तेवढ्यात कुकरची शिट्टी.

सोमवार, १३
समितीकडून काही नाही.

सकाळी प्र.नं दोन कागद समोर ठेवले. कंपनीला पाठवायची उत्तरं, दोन्ही इंग्रजीत. एक होकार, एक नकार. "भाषा बघून द्या. संध्याकाळी एक पाठवते."
"कुठलं?"
"भाषा बघा नं ताई."

होकार चार ओळींचा. स्वच्छ. मला काही करायला ठेवलंच नव्हतं. नकार पानभर. वाक्यं एकमेकांत घुसलेली, स्पेलिंगं चुकलेली, एक वाक्य मध्येच सोडून दिलेलं. डेस्कवर अशी प्रत आली की कळायचं, बातमीदार पोरानं धावत येऊन लिहिली आहे, आणि बातमी खरी आहे.

तिला हे सांगितलं नाही. लाल पेन घेतलं आणि नकार ओळीओळीनं नीट केला. एकही वाक्य गाळलं नाही. सोडलेलं वाक्य तसंच ठेवून समासात लिहिलं, 'हे पूर्ण करावे.'

दोन्ही कागद तिच्या टेबलावर ठेवून आले. ती समासाकडे बघत बसली होती. मी निघेपर्यंत काही पाठवलं नव्हतं.