सरंग्यासारखी शाळा

८ जुलै
काल धर्माकाकांनी टाळी वाजवली आणि सगळं फिरलं. माझ्यापुरतं तरी.
शाळेत पालकसभा. मासेमारी बंद, म्हणून बाप्ये पण हजर. हेडसरांनी तपासणीचा निकाल वाचला. पूर्वी अख्ख्या शाळेला एकच अक्षर, अ नाहीतर ब नाहीतर क. आता प्रत्येक गोष्टीला वेगळा स्तर, एक ते चार. 'इमारत व सुरक्षितता, स्तर एक.' धर्माकाका शाळा समितीचे अध्यक्ष, ताडकन उभे. "एक नंबर! सरंग्यासारखी शाला हाय आमची!" सरंगा म्हणजे पापलेट, आणि मच्छीमार सोसायटीत एक नंबर पापलेट म्हणजे सगळ्यात मोठं. झालं, सगळ्यांच्या टाळ्या.
पण यात चार सगळ्यात वर. एक म्हणजे तळ. सरांना ठाऊक होतं. कागदाची घडी, खिशात. मयुरीलाही ठाऊक होतं. धर्माकाकांची मुलगी, दुसरीच्या वर्गावर, मानधनावर. ती खाली बघत होती. मी तिच्याकडे. नेहमीचंच.

९ जुलै
म. भेटली, शेजारच्या मुरबे गावच्या एसटी स्टॉपवर. गावात बोलता येत नाही.
"गप्प बस ना जरा. पोरं गेली की वर्ग जाईल. वर्ग गेला की मी."
"आणि छप्पर?"
"दुरुस्तीचा अर्ज दिलाय."
तिच्या छत्रीचं पाणी माझ्या बुटावर गळत होतं. मी हललो नाही. गाढव.

१२ जुलै
वहिनीला सांगून पाहिलं. तिचा आर्यन म.च्याच वर्गात.
"चार नंबर पापलेट घेशील तू? वादळाचा बावटा पन एक नंबरचा लागला तर कोन घाबरतं? तीनला घाबरतात. कॉलेज अर्ध्यात सोडलंस भाऊजी, तू नको शिकवू."
ताट ढकलून उठलो.

१७ जुलै
हेडसरांकडे गेलो. "परीक्षेला बसला नाहीस, निकाल वाचायला आलास होय?" मी खुर्ची उचलली होती. ठेवली. म. दारात होती म्हणून.
येताना दुसरीचा वर्ग पाहिला. छताचा पोपडा पडलाय, आतली सळई दिसते. खाली फरशीवर खडूचा गोल. आर्यन म्हणाला, "तो समुद्र हाय. आत गेला तो बुडला." पोरं कडेकडेनं धावतात. हसतात.
गोल म.ने काढलाय.

२१ जुलै
कंपनीत मशीनसमोर उभा होतो, सुपरवायझर ओरडला, "कहाँ खोया है रे?"
आर्यन सांगत होता, समुद्र मोठा झालाय. दोन बाकं आत.

२४ जुलै
नाक्यावर बॅनर. 'सुरक्षिततेत एक नंबर!' वर धर्माकाका, गॉगल घालून. ते बघून तिघांनी पोरं बोईसरच्या इंग्रजी शाळेतून काढून इथे आणली. तिघंही दुसरीत. म.ची नोकरी पक्की. पण समुद्र सोडून त्या तिघांना बसवायला जागा कुठे?

२६ जुलै
सकाळी वहिनी सुके बोंबील साफ करत होती. एकदम सुचलं.
"पापलेट सोड. आर्यन कितवीत?"
"दुसरीत."
"पहिली खालची की चौथी?"
"पहिली."
"तपासणीचं पण तसंच."
तिचा हात थांबला. "म्हंजे छप्पर अजून पहिलीतच हाय?"
उठली, हात धुतले, आर्यनचं दप्तर पाठीवरून काढून घेतलं. मग माझ्यावरच. "इतके दिस काय करत होतास?"
कारण म. होती. सांगण्यासारखं नव्हतं.

आज देवळात धर्माकाकांचा सत्कार. सगळे पालक असणार. पोरं मात्र वर्गात, म. त्यांच्याजवळ.
तिचा मेसेज आलाय. 'सत्कारात बोललास तर माझ्याशी परत बोलू नकोस.' मी उत्तर दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. ती हे खरंच पाळेल. मी ओळखतो तिला.
पलीकडे देवळात माइकवर हॅलो हॅलो चाललंय. वहिनी बाहेर चप्पल घालून उभी. "येतोस का मी बोलू?"
येतो म्हटलं. मोबाइल इथेच राहू दे. दार ओढून घेतो.