साठ झेंडे, साठ शिट्ट्या आणि एकतीस पांढरी कबुतरं

आणि मामा, बाकी सगळं बोललात ते बोललात, पण "कबुतरवाल्याची साक्ष काझीसुद्धा घेत नाही, त्याला मी पोरगी देऊ?" हे हमदीच्या बाळाच्या सातव्या दिवशी, भरल्या पंगतीत, माझ्या आईसमोर बोलायची काय गरज होती? मी इथे अम्मानला. मला झोंबलं तरी दाखवू कोणाला? वर तुम्ही माझा फोन उचलत नाही. म्हणून हे पत्र सुट्टीवर गावी निघालेल्या हमदीच्याच हाती देतोय. निदान तोंडावर आपटता तरी येणार नाही, कागद आहे.

असो. आदरणीय खलाफ मामा, तुमच्या हाताचा आणि कपाळाचा मुका घेतो. गुडघा कसा आहे? म्हैस व्यायली का? मामींची दाढ काढली की अजून लवंगेवरच चाललंय? मी खुशाल आहे. (नजात, हे पत्र बाबांना तूच वाचून दाखवणार, मला ठाऊक आहे. कंसातलं मनातल्या मनात वाच. मध्येच थांबलीस तर खोकल्याचं निमित्त कर.)

तर मामा, मी चार यत्ता शिकलेला माणूस, पण मला एक कळत नाही. तुमच्या शेतातल्या मातीच्या मनोऱ्यात तीनशे कबुतरं आहेत. तुम्ही त्यांच्या पोटात भरड गहू भरून त्यांना भट्टीत ठेवता, आणि तुम्हाला सगळे हाजीसाहेब म्हणतात. मी एकतीस पाळतो, उडवतो, नावाने हाका मारतो, तर मी लबाड! हा कुठला न्याय? हां, आमच्यात एक रीत आहे, ती नाकारत नाही. दमलेलं कबुतर ज्याच्या गच्चीवर उतरेल, त्याचं. मग मूळ मालक विचारायला आला की पकडणारा शपथा घेतो, पाहिलंच नाही म्हणून. त्यामुळे आमच्या शपथेला दोन पैशांची किंमत नाही. पण मी अजून एकही खोटी शपथ घेतलेली नाही. (दोन घेतल्या. लहान होत्या.)

आता मुद्द्यावर येतो. मी ज्या इमारतीची राखण करतो, तिथे गेल्या महिन्यात लुबनाबाई आल्या. हिरवा टी-शर्ट, हातात याद्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद की आपल्यालाच काहीतरी विसरल्यासारखं वाटावं. त्या स्वयंसेवकांच्या म्होरक्या. म्हणाल्या, "शाझली, एकवीस सप्टेंबरला जागतिक शांतता दिन. साठ मुलं येणार. तुझी पांढरी कबुतरं सोडूया." मी म्हटलं, बाई, माझी कबुतरं काही सरकारी नाहीत. तर म्हणाल्या, "शिक्क्याचं प्रमाणपत्र देऊ." शिक्का! मामा, माझ्या डोळ्यांसमोर तुम्हीच उभे राहिलात. म्हटलं, शिक्क्याचा कागद मामांपुढे ठेवला की कबुतरवाला सुद्धा भला माणूस असतो हे त्यांना मानावंच लागेल. त्या एका कागदासाठी मी तीन दिवस कबुतरांचे पाय साबणाने धुतले.

कार्यक्रम आमच्याच गच्चीवर. मुलांनी कागदाची ऑलिव्हची पानं डोक्याला बांधलेली, गालांवर रंग, नुसता किलबिलाट. मी टोपल्या घेऊन वर गेलो आणि पाहतो तो काय, स्वयंसेवकांनी प्रत्येक मुलाच्या एका हातात पांढरा झेंडा दिलाय आणि दुसऱ्या हातात शिट्टी! मामा, आम्ही कबुतरांना काय शिकवतो? काठीला चिंधी बांधून हलवली, शिट्टी मारली, की वर जा, उतरू नका. चिंधी खाली ठेवली, गप्प झालो, की घरी या, दाणे मिळतील. एवढंच त्यांचं शिक्षण. (माझ्यापेक्षा एक यत्ता कमी.)

मी ओरडलो, "बाई, शिट्ट्या नकोत!"

"शाझली, आज आवाज मुलांचा आहे!" असं म्हणून त्यांनी टोपल्या उघडल्या.

एकतीसच्या एकतीस एकदम उठली. काय दिसली म्हणून सांगू! साठ मुलांनी झेंडे नाचवले, साठ शिट्ट्या वाजल्या, आणि माझी गुणी पाखरं शिकवल्याप्रमाणे वर गेली. आणखी वर. आणि तिथेच राहिली. दहा मिनिटं, वीस, चाळीस. ती उतरेनात म्हणून मुलं खुश, मुलं खुश म्हणून शिट्ट्या जोरात, शिट्ट्या जोरात म्हणून ती उतरेनात. पुढचे दोन दात पडलेल्या एका चिमुरडीने माझी बाही ओढली, "काका, शांती खाली कधी येणार?" मी म्हटलं, "बाळे, तू शिट्टी तोंडातून काढलीस की." तिने विचार केला आणि आणखी जोरात वाजवली.

शेवटी बिचारी पाखरं पार दमली. सगळ्या टेकडीवर खुराडं असलेली दुसरी गच्ची एकच, समोरच्या कबुतरवाल्या अबू झुहदीची. तो हलकट चिंधी खाली टाकून, परातीत दाणे घेऊन मघापासून तयारच बसला होता. एकतीसच्या एकतीस त्याच्याकडे उतरली.

लुबनाबाई म्हणाल्या, "आपण संवाद साधू." मी म्हटलं, त्याच्याशी सहा वर्षं माझा संवाद चालू आहे, तुम्हाला ऐकवण्यासारखा नाही. पण त्या साठ मुलं घेऊन पाच जिने चढल्या. अबू झुहदी खुराड्याला पाठ लावून उभा. "कसली कबुतरं? या खुराड्यात एक पांढरं पीस जरी असेल ना, तर माझ्या बायकोला तीनदा तलाक!"

आणि मागून एकतीस गळ्यांतून एकदम घुटर्रघूं.

मुलं हसून लोळायला लागली. पण वाळत घातलेल्या चादरीमागून त्याची बायको, उम्म झुहदी, बाहेर आली. दातांत धरलेला चिमटा काढून म्हणाली, "ऐकलंत ना रे पोरांनो?"

"होऽऽ!" साठ जण.

"सव्वीस वर्षांत या माणसाने दिलेली पहिली चांगली बातमी. कपडे वाळले की मी भावाकडे चालले." आणि गाणं गुणगुणत खाली जाऊन तिने बॅग भरायला घेतली!

अबू झुहदीचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. मशिदीतल्या शेख मुनीरना बोलावलं. ते धापा टाकत आले, पाणी प्यायले, म्हणाले, "कबुतरं आत होती की नव्हती, कोणी पाहिलंय?" अबू झुहदी माझ्या कानाला लागला, "कठड्यावर होती म्हण. सगळी परत देतो. वर माझा ठिपक्यांचा नर तुला." मामा, ठिपक्यांचा नर! त्याच्यासाठी मी रमजानमध्ये दुआ मागितली होती. जीभ पार टाळ्यापर्यंत वळली. पण तुमची ती पंगत आठवली आणि मी म्हटलं, "आत होती, शेखसाहेब. एकतीस. दाराला कडी होती."

अबू झुहदी पालथ्या बादलीवर बसला. शेखसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कबुतरवाला आपल्या तोट्याचं खरं बोलला, हे मी पहिल्यांदा ऐकतोय." मग त्याला विचारलं, "तुला खरंच तलाक द्यायचा होता?"

तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "नाही हो, मला फक्त कबुतरं द्यायची नव्हती!"

मग ती रागातली शपथ ठरली, तलाक झालाच नाही, आणि प्रायश्चित्त म्हणून दहा गरजूंना जेवण. उम्म झुहदी जिन्यातूनच ओरडली, "दहा कशाला? वर साठ उपाशी आहेत. आणि आधी ती कडी काढ!" मग काय, अख्ख्या गल्लीतून पातेली आली, भात, कोंबडी, दही. बॅग तिने जेवणं झाल्यावरच रिकामी केली, तीही अबू झुहदीने स्वतः वाढल्यावर. मुलांनी ताटं धरायला झेंडे खाली ठेवले, तोंडं भाताने भरली, शिट्ट्या बंद पडल्या. तेव्हा कुठे माझी कबुतरं शांतपणे माझ्या गच्चीवर गेली. लुबनाबाई आनंदाने रडल्या. पुढच्या वर्षी हाच कार्यक्रम असाच करायचा, तलाकासकट, म्हणाल्या.

प्रमाणपत्र सोबत आहे. त्याच्या पाठीवर शेख मुनीरनी स्वतः लिहिलंय, "याची साक्ष मी घेतली." दह्याचा डाग माझा.

आपला भाचा,
शाझली

ता. क. आता सरळ विचारतो, मामा. नजातचा हात मला द्या. कबुतरं मात्र सोडणार नाही. माझी अब्रू त्यांच्यामुळेच परत आली. हा माझा शेवटचा शब्द.

आणखी ता. क. वरचा शब्द रद्द समजावा. (काल फोनवर तू विचारलंस, लग्नानंतर सकाळी उठून आधी कोणाकडे जाशील, माझ्याकडे की गच्चीवर? मला उत्तराला उशीर झाला. तू "कळलं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.)

शेवटचं ता. क. मामा, शुक्रवारच्या बाजारात तीस कबुतरं विकली. एक मादी अंड्यांवर बसलीय, तिला कसं उठवू? सगळी अबू झुहदीनेच घेतली, किमतीसाठी घासाघीस केली नाही आणि एकही शपथ घेतली नाही. पैसे नजातच्या अंगठीसाठी हमदीजवळ दिलेत. (हा आकडा मात्र मोठ्याने वाच.) एकशे ब्याऐंशी दिनार.