भटूचं हसू

डिंडोली, सुरत
५ ऑगस्ट २०२५

चि. भटूस,

दादाचे आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. माय तर हवेतच आहे. फोनवर ती शेजारी बसून ऐकते, म्हणून हे लिहून तुषारच्या हाती देतोय. पुढच्या बंदरात तो तुमच्याच जहाजावर चढणार आहे.

रविवारी कानबाई देवी बसली, काल विसर्जन झालं. प्रसादाच्या रोटाचे गहू घेताना माय दरवर्षी थोरला म्हणून माझ्या नावाची सव्वा मूठ आधी टाकते. यंदा तुझी टाकली. मी सुपाकडे बघत राहिलो, तर म्हणाली, "तो समुद्रमा से. तू घरमाच से."

रोट घरच्यांशिवाय कुणाला देत नाहीत. तुझा वाटाही मलाच खावा लागला.

तू पाठवलेला व्हिडिओ गल्लीत सगळ्यांच्या फोनवर आहे. दोन देश ज्या पाण्यासाठी भांडतात तिथे तुमचं सामानाचं जहाज, त्याला आडवं आलेलं गस्ती जहाज, पाण्याचा तो मारा, आणि वरून डोलकाठीला घासेल असं गेलेलं लढाऊ विमान. कठडा धरून तू हसतोयस. शेजारच्या सरलाबाई ओरडल्या, "देखा, हासी ऱ्हायना! वाघ से वाघ!" मायने पेढे वाटले. गेल्या वर्षी कारखान्यात लूमवरचा धोटा उडून माझी भुवई फाटली, तेव्हा "देखीसन काम कर" एवढंच म्हणाली होती.

मी म्हणालो, "तो घाबरलाय."

"तू जळस त्यानावर," माय म्हणाली. सगळे हसले.

जळतोच मी. तुझ्यात काहीतरी खोट सापडावी म्हणूनच तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. गावी बैल अंगावर आला होता, तेव्हा तू असाच हसला होतास. दात सगळे बाहेर आणि डोळे थिजलेले. तुझी ओली चड्डी मी विहिरीवर धुतली आणि मायला कळू दिलं नाही.

आता माय सांगते, तू त्याच फेरीसाठी पुन्हा सही करणार आहेस. करू नकोस, भटू. मायला मी बघतो. महेशने जळून भावाला परत बोलावलं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. पुढच्या वर्षीही पहिली मूठ तुझीच पडू दे, पण तुझा रोट तू येऊन खा.

हे वाचताना हसू आलं, तर तेवढं कळव. मला काय ते समजेल.

तुझ्यावर जळणारा,
दादा